समाजमाध्यमे, आत्मसन्मान आणि गावकीचा गट

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, वरंध घाटाच्या पायथ्यापासून उमरठपर्यंतच्या वाड्यांमध्ये, गावाचे एक अंग गावी असते आणि दुसरे मुंबईत. ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ यांच्यातला जो व्यवहार पूर्वी पत्रांतून, निरोपांतून आणि शिमगा-गणपतीच्या बैठकांतून चाले, तो आता बराचसा व्हॉट्सॲपच्या गटावर चालतो. आजोबा, चाकरमानी मुलगा आणि कॉलेजात जाणारी नात हे तिघेही समाजमाध्यमांत वावरत असल्याने, या माध्यमांचा परिणाम हा केवळ शाळकरी मुलांचा प्रश्न आहे असे मानणे चुकीचे ठरते.

आत्मसन्मान म्हणजे स्वतःच्या योग्यतेविषयी माणसाला मनातून वाटणारा भरवसा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये असे मांडले की, इतरांच्या नजरेत आपण कसे दिसत असू या कल्पनेतून माणसाची स्वतःविषयीची प्रतिमा घडते. तर मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, स्वतःची पारख करण्यासाठी माणूस इतरांशी तुलना करतो. ही तुलना पूर्वी शेजारच्या घराशी होत असे, जिथली अडचणही डोळ्यांना दिसे; आता ती अनोळखी माणसांच्या निवडक, सजवलेल्या क्षणांशी होते, आणि फेसबुकने २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आणल्यापासून त्या नजरेला आकडाही मिळाला. नातीला हा आकडा छळतो. मुंबईत राहणाऱ्या तिच्या वडिलांना गावच्या कारभारात आपला शब्द चालत नाही ही सल असते. आणि घरात कोणी फारसे बोलत नसलेल्या आजोबांना आलेला संदेश पुढे पाठवल्याने आपण अजून उपयोगी आहोत असे वाटते.

समाजविघातक वर्तनाचे, म्हणजे इतरांच्या हक्काला, शरीराला किंवा प्रतिष्ठेला इजा करणाऱ्या वागण्याचे, मूळ पुष्कळदा या हळव्या जागीच सापडते. समोर चेहरा नसला की माणसाचा संकोच सुटतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडले. बैठकीत ज्याच्या मांडीला मांडी लावून बसावे लागते, त्याला जे कधीच म्हटले गेले नसते, ते गटावर सहज लिहिले जाते. रायगड जिल्ह्यात हे विशेष गंभीर आहे, कारण वाळीत टाकण्याची प्रथा येथे जुनी आहे. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एखाद्या कुटुंबाशी बोलू नका, त्यांच्या कार्याला जाऊ नका, असा हुकूम मोबाइलवरून सुटला म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

अशी इजा अफवेतूनही होते, आणि तिचे उदाहरण तर महाडच्याच इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी खोटी आवई शहरात उठली आणि जमावाने तेथे परिषदेसाठी जमलेल्यांवर हल्ला केला. बाबासाहेबांनी मात्र आपल्या अनुयायांना शांत राहण्यास सांगितले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरली आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवेला मोबाइल लागतोच असे नाही, हे पहिल्या घटनेवरून दिसते. मोबाइलने तिला वेग आणि पल्ला दिला. तिच्यावर विश्वास ठेवण्याची तयारी मात्र माणसांत आधीच असते. ज्याचा मान गटाच्या नजरेवर टांगलेला असतो, त्याला गटाविरुद्ध शंका काढणे परवडत नाही. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरबानाना टिपणीस स्वजातीचा रोष पत्करून चवदार तळ्याच्या त्या सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले, आणि आत्मसन्मानाचा याहून स्वच्छ नमुना या भागाला बाहेरून आणण्याची गरज नाही.

घराघरात करण्याजोगे उपाय साधे आहेत, पण ते मोठ्यांपासून सुरू व्हावे लागतात. दुहेरी बाणाची खूण असलेला संदेश अनेक हातांतून आलेला असतो. पुढे पाठवण्याआधी तो मुळात कोणाचा, हे विचारावे. वर्गणी, वाट, बांध यांचे तंटे गटावर न लिहिता ग्रामस्थांच्या बैठकीसाठी राखावेत, आणि कोणाची बदनामी सुरू झाली की गटाच्या चालकाने ती तेथेच थांबवावी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. ही शिस्त केवळ मुलांवर न लादता सगळ्या गावाने पाळायची होती, म्हणून तो अनुकरणीय आहे. मूल गप्प झाले, जेवण टाळू लागले किंवा स्वतःच्या रूपाचा तिरस्कार करू लागले, तर मोबाइल हिसकावण्याआधी त्याच्याशेजारी बसून ऐकून घ्यावे. आणि तेवढ्याने भागत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.