कोटोनूच्या वाळूतील पालेभाज्या

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशाची अधिकृत राजधानी पोर्तो-नोव्हो असली, तरी व्यापाराचे केंद्र कोटोनू हेच होय. अटलांटिक महासागर आणि नोकुए सरोवर यांच्यामधील वालुकामय पट्टीवर हे शहर वसले आहे. पालेभाजी लवकर कोमेजते आणि शीतवाहतूक सामान्य विक्रेत्याला परवडत नाही. म्हणूनच तिची शेती शहरात व शहराच्या वेशीवर टिकून राहिली.

तेथील भाज्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत. माठ आहेच, आपल्याकडे पावसाळ्यात रानभाजी म्हणून खुडली जाणारी कुरडूही तेथे वाफ्यांत लावतात. लोकांची विशेष आवडती मात्र ‘ग्बोमा’. ही वनस्पती वांग्याच्याच कुळातील. तिचा पाला शिजवून खातात. (आपल्याकडे वांग्याची पाने भाजीत घालण्याची कल्पना कोणी करणार नाही!) एकदा लावली की ती पुनःपुन्हा खुडता येते. बियाण्यासाठी मात्र काही रोपे न खुडता राखावी लागतात.

वाळूत पाणी ठरत नाही. उथळ विहिरीतील पाणी झारीने सकाळ-संध्याकाळ शिंपायचे, कोंबडीखत घालायचे, हे कष्टाचे काम. पीक तयार झाले की व्यापारी स्त्रिया मळ्यावर येतात. सौदा वजनावर नव्हे, तर वाफ्यावर ठरतो. कोरड्या हंगामात पाणी देऊ शकणाऱ्याला चांगला भाव मिळतो.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. बहुतेक मळे सरकारी किंवा परक्याच्या जागेवर. बांधकाम आले की मळा उठतो. कीटकनाशकांचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. बेनिन हा कापूस पिकवणारा देश असल्याने कापसावरील औषधे भाज्यांच्या वाफ्यांवर मारली जात असल्याचे वारंवार आढळले. त्यांतील एंडोसल्फान २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी-यादीत गेले. त्याच वर्षी भारतातही सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्पादन व विक्री थांबवली. बोंडअळीसाठीचे विष थोड्याच दिवसांत ताटात येणाऱ्या पानावर पडावे, ही बाब गंभीर आहे.

कडुनिंबाचा अर्क आणि वाफ्यांवर अंथरायची बारीक जाळी हे पर्याय उपलब्ध आहेत. परंतु जाळीचा खर्च भरून निघायला काही हंगाम जावे लागतात, आणि पुढच्या वर्षी हा वाफा आपल्याकडे राहील की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो शेतकरी जाळी विकत घेत नाही.