घोट्याचा भरवसा

आमच्या दिघीच्या धक्क्याला लागलेली लाँच डोलत असते, पण खलाशी कशाला न धरता उभा असतो. त्याची पावले लाट ओळखतात. ही ओळख किती मोलाची, ते मला भाच्यामुळे कळले.

तो बास्केटबॉल खेळतो. उडी मारून उतरताना तीनदा त्याचा घोटा मुरगळला. सूज गेली. तरी म्हणाला, "मामू, दुखत नाही, पण पायावर भरवसा वाटत नाही."

हा मनाचा खेळ नव्हे. पाऊल कसे पडले, हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोके घोट्याच्या अस्थिबंधांत असतात. बंध ताणले की तीही दुखावतात; निरोप बिघडतो. ब्रिटिश डॉक्टर फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी हा विचार १९६५ मध्ये मांडला.

म्हणून नुसती विश्रांती पुरत नाही. दुखणे ओसरल्यावर, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने पायाला पुन्हा शिकवावे लागते. आधी भिंतीजवळ एका पायावर उभे राहायचे, मग डोळे मिटून, मग डुगडुगत्या फळीवर. शेवटी उडी मारून गुडघे वाकवत अलगद उतरायचे. रोज थोडे, असे कित्येक आठवडे.

परवा भाचा अंगणात फळीवर उभा होता. आईने हाक मारली. तो वळला, डगमगला, सावरला. पायाकडे त्याने पाहिलेही नाही.