आपला फॉर्म आपणच भरा



मला विषय दिलाय 'परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या संधी'. "मुलांना मार्गदर्शन होईल असं बोला," असं मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर दोनदा बजावलंय. बोलते. पण कर्जतच्या भिसेगावात येऊन आधी आपल्या शाळेबद्दल बोलले नाही, तर माझ्या वर्गातल्या ज्या तिघी तिसऱ्या रांगेत बसल्यात, त्या मला घरी जाऊ द्यायच्या नाहीत.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. आमच्या इंग्रजीच्या बाई शिकवायला लागल्या की नेमकी तिकडे कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागायची वेळ व्हायची. इंजिनाची शिट्टी झाली की बाई थांबायच्या, आणि मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. "गाडीपेक्षा तुझा आवाज लहान का?" म्हणून शेवटच्या बाकावरच्याला उभं करायच्या. पुढे मी मालदीवला शिकवायला गेले, तिथे बेटावर वर्गामागे जनरेटर धडधडायचा, नवे शिक्षक वैतागायचे, मला काहीच वाटायचं नाही. कर्जतकराला गोंगाटाचं काय कौतुक!

तर, मालदीव. दोनशेच्या आसपास वस्तीची बेटं, शाळेचं माध्यम इंग्रजी, आणि स्थानिक शिक्षक पुरत नाहीत म्हणून आपल्याकडची माणसं कित्येक वर्षं तिथे जातात. सुट्टी शुक्रवार-शनिवार. मुलं आपली दिवेही भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात एका पोराने इंग्रजीची वही शेवटच्या पानापासून सुरू केली. मी ती उलटून दिली, त्याने पुन्हा उलटली. अक्षर मात्र सुरेख होतं हो त्याचं.

बाकी देशांचं थोडक्यात सांगते. आखातातल्या सीबीएसई शाळांना बी.एड. लागतं. कोरियाच्या सरकारी शाळांची 'एपिक' नावाची योजना आहे, ती सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांपुरतीच. त्यात आपला पासपोर्ट बसत नाही, तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो. इंग्लंडने २०२३ पासून आपल्या शिक्षकांना तिथली पात्रता मिळवायची वाट उघडली, पण ती गणित, विज्ञान आणि परभाषा शिकवणाऱ्यांना. इंग्रजीवाल्यांना नाही! तेव्हा इथल्या गणिताच्या सरांनी हसू नये, त्यांनाच आधी बोलावणं यायचं.

आता माझं खरं म्हणणं. आपला फॉर्म आपणच भरा.

हसू नका. बोर्डाचा फॉर्म सर भरतात, स्कॉलरशिपचा बाबा भरतात, कॉलेजचा सायबर कॅफेवाला भरतो. मग नोकरीचा एजंट भरतो, आणि आपण फक्त सही करतो. कशावर, ते वाचतही नाही. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. मुलींचं लग्नानंतर आणखी निराळं. माझ्या पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. या दोन बाया एकच आहेत हे पटवायला विवाह प्रमाणपत्र जोडावं लागलं. हे दुसऱ्याच्या लक्षात का येईल? त्याला तुमच्या मागे पन्नास फॉर्म भरायचेत.

एजंट सगळेच वाईट नसतात. पण तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. त्याने कायद्याने घ्यायची रक्कम ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच आहे. दोन-तीन लाख मागितले, तर चहा पिऊन उठून या. कराराचा कागद मागा, घरी आणा, मोठ्याने वाचा. राहायची जागा कोण देणार, परतीचं तिकीट कुणाचं, नोकरी मध्येच सोडली तर काय, हे त्यात लिहिलेलं नसेल तर विचारा. विचारायची लाज वाटते ना? ती आत्ताच, दहावीच्या फॉर्मवर मोडा. चुकलात तर पांढरी शाई आहे.

पालकांनो, विशेषतः पुढच्या रांगेतल्या बाबांनो, मुलीच्या हातातलं पेन काढून घेऊ नका. "तुला नाही जमणार, दे इकडे" हे वाक्य मी मघाशी गेटवरच ऐकलंय, कुणाचं ते सांगत नाही.

मुख्याध्यापिका बाई घड्याळ बघतायत. अपोस्टिल, पोलीस व्हेरिफिकेशन, आयेल्ट्स राहिलंच. ते मी कागदावर लिहून आणलंय, ग्रंथालयाच्या फळ्यावर लावा. उद्या सकाळी मी शाळेतच आहे. ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांनी यावं, मी शेजारी बसेन, लिहिणार नाही. आणि नगरसेवक साहेब, त्या ग्रंथालयातला पंखा बंद आहे. त्याच्या अर्जाचं काय झालं, ते मुलांना जाता जाता सांगाल का?