दहशतवादविरोधी पोलिसांचे प्रशिक्षण : खर्च कोणता, हिशेब कोणाचा?



२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दहा सशस्त्र माणसे शिरली आणि त्यानंतरच्या सुमारे साठ तासांत १६६ जणांचे बळी गेले. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या सहायक उपनिरीक्षकांनी, हाती केवळ लाठी असताना, कसाबच्या बंदुकीची नळी धरली. ती त्यांनी सोडली नाही आणि त्यातच त्यांना मृत्यू आला. म्हणून एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, ते उचितच झाले. परंतु शौर्याचा गौरव चालू असताना एक प्रश्न नेहमी झाकला जातो. लाठी घेऊन स्वयंचलित बंदुकीपुढे उभे राहण्याची पाळी एका पोलिसावर आली, ती कोणाच्या हिशेबातील तूट भरून काढण्यासाठी?

या हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्य शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २००९ मध्ये अहवाल दिला. अशा प्रसंगासाठीच उभ्या केलेल्या मुंबईच्या शीघ्र प्रतिसाद पथकाला हल्ल्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ गोळीबाराचा सराव मिळाला नव्हता, आणि त्याचे कारण काडतुसांची टंचाई, हे त्यातून पुढे आले. पथक होते, बंदुका होत्या, हजेरीपटावर माणसेही होती. नव्हता तो सराव. कागदावर सज्ज असलेले पथक प्रत्यक्षात हळूहळू असज्ज होत गेले आणि हे कोणत्याही ताळेबंदात दिसले नाही.

अंदाजपत्रकाचा अभ्यास करणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. भांडवली खर्चाला उद्‌घाटन असते, कोनशिला असते, वृत्तपत्रात छायाचित्र असते. आवर्ती खर्चाला यांतले काहीच नसते. नवी वाहने आली, तर मंत्री हिरवा झेंडा दाखवितात. सरावाची काडतुसे वेळेवर आली, तर कोणी टाळीही वाजवीत नाही. म्हणून काटकसरीची कात्री प्रथम सरावावर चालते. यंत्राला घसारा असतो, हे प्रत्येक हिशेबनीस जाणतो. परंतु कौशल्यालाही घसारा असतो, आणि तो यंत्राहून वेगाने होतो, याची नोंद ठेवणारा रकाना शासकीय हिशेबात नाही. निशाणबाजी, बॉम्ब ओळखणे, ओलीस ठेवलेल्या माणसांच्या इमारतीत शिरणे या विद्या एकदा शिकून पुरत नाहीत. सहा महिने हात बसवला नाही, तर हात विसरतो.

२६ नोव्हेंबरनंतर महाराष्ट्राने 'फोर्स वन' हे विशेष पथक उभे केले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ते कामास लागले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाची केंद्रेही मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे निघाली. ही पावले आवश्यक होती. हल्ल्याच्या वेळी हे दल हरियाणातील मानेसरहून यावे लागले आणि त्याची कारवाई दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. तथापि, केंद्र मुंबईत असले, तरी एक गोष्ट बदलत नाही. पहिल्या तासात घटनास्थळी पोहोचतो तो कमांडो नव्हे. तो जवळच्या ठाण्याचा शिपाई असतो, रेल्वे पोलिसांचा हवालदार असतो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जुन्या पद्धतीच्या रायफली घेऊन उभे राहिले ते हेच लोक. विशेष प्रशिक्षणाचे नियोजन करताना हा पहिला तास कोणाचा, याचे उत्तर प्रथम द्यावे लागते. सर्व विद्या वरच्या एका पथकात साठवून खालचा शिपाई कोरा ठेवणे, ही विषमता येथे प्राणघातक ठरते.

प्रशिक्षणाची ही उपेक्षा आजची नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षणाविषयी समिती नेमली होती. पोलिसांचे शिक्षण कवायत आणि कायद्याची कलमे यांपुरते न राहता माणसाचे वर्तन व समाज समजून घेण्यापर्यंत जावे, असा तिचा आग्रह होता. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, २०१९ मध्ये, कॉमन कॉज आणि विकसनशील समाज अध्ययन केंद्र यांनी देशातील पोलिसांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्याआधीच्या पाच वर्षांत, वर्षाला सरासरी केवळ ६.४ टक्के पोलिसांनाच सेवांतर्गत प्रशिक्षण मिळाले होते, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ सरळ आहे. या गतीने प्रत्येकाची पाळी एकदा यावयास पंधरा वर्षे लागतील. शिवाय ही सरासरी आहे. वरिष्ठांना संधी अधिक आणि शिपायाला कमी, हेही त्याच अहवालात आहे.

असे का होते, हे ठाण्यात जाऊन पाहिल्यास कळते. गणेशोत्सव, निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तात वर्ष निघून जाते. प्रशिक्षणासाठी माणूस पाठवा असा आदेश आला, तर ठाण्याचा प्रमुख कोणाला पाठवील? ज्याच्यावाचून ठाण्याचे अडत नाही, त्याला. मग सर्वांत उपयोगी माणूस शिकत नाही आणि जो शिकून येतो त्याला त्या विद्येचे काम मिळत नाही. प्रशिक्षणासाठी म्हणून मंजूर बळाच्या वर काही राखीव माणसे असावी लागतात. ती नसतील, तर उत्तमोत्तम अभ्यासक्रमही कागदावरच राहतो. शिकविणाऱ्यांची स्थिती याहून निराळी नाही. प्रशिक्षण केंद्रातील नेमणूक ही शिक्षेची बदली मानली जाते. ज्याला कोठेच नको, त्याच्या हाती नव्या पिढीचे शिक्षण सोपविले, तर त्याचे फळ काय येणार?

शिकलेल्यांचा वापर कशासाठी होतो, हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल १९८४ मध्ये दहशतवादाशी मुकाबला करण्यासाठी स्थापन झाले. परंतु त्यातील मनुष्यबळाचा मोठा भाग पुढे कित्येक वर्षे राजकीय नेत्यांच्या संरक्षणात गुंतला. हे काम त्या दलाकडून पूर्णपणे काढून घेण्याचा आदेश निघावयास २०२४ साल उजाडले. जनतेच्या पैशाने तयार झालेली दुर्मीळ विद्या पुढाऱ्यांच्या मोटारीमागे धावण्यात खर्ची पडावी, हा सार्वजनिक संपत्तीचा अपव्ययच होय.

परंतु दहशतवादविरोधी प्रशिक्षण म्हणजे केवळ बंदूक, ही समजूत त्याहून घातक आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सर्वांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड घेणाऱ्यास तो अधिकारच उरला नव्हता, कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेही सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. राज्य शासन अपिलात गेले आणि हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये, एवढ्यापुरती सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात प्रथम पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये आरोपमुक्त करण्यात आले. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटातील सात हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. आरोपींचे धर्म निराळे. मृतांच्या नातलगांच्या पदरी पडलेले उत्तर मात्र एकच, की सिद्ध झाले नाही.

पुरावा गोळा करणे, तो मोहोरबंद ठेवणे, पंचनामा कायद्याप्रमाणे करणे, मारहाणीवाचून चौकशी करणे, ही सर्व शिकण्याची आणि शिकविण्याची कामे आहेत. ज्याला तपास येत नाही, तो हात उगारतो. छळ हा क्रौर्याइतकाच अज्ञानाचाही पुरावा असतो. त्यातून निरपराध माणूस वर्षानुवर्षे तुरुंगात सडतो, खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि एखाद्या समाजाचा शासनावरील विश्वास कायमचा उडतो. ज्या वस्तीतून वेळीच माहिती मिळावयाची, तीच वस्ती तोंड मिटून घेते. म्हणून नागरी स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांत विरोध मानणारे दोन्हींचे नुकसान करतात.

यात आणखी एक पैलू आहे, तो कामगाराचा. काडतुसे आली नाहीत, सराव झाला नाही, हे प्रथम कळते ते शिपायाला. ते त्याने कोठे सांगावे? १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या संघटनेची मान्यता शासनाने काढून घेतली आणि त्यानंतर उसळलेला असंतोष बळाने मोडला. तेव्हापासून खालच्या पोलिसाला सामुदायिक आवाज उरला नाही. कामाच्या तासांचेही तसेच. २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो तेथील एका शिपायाच्या सूचनेवरून, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस सरावाला गेला, तरी शिकणार काय?

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. पोलिसांवरील खर्च वाढवा किंवा कमी करा, एवढ्या घोषणेने भागणार नाही. गोपनीय तपशील न मागताही काही प्रश्न विधिमंडळात दरवर्षी विचारता येतात. मंजूर प्रशिक्षण निधीपैकी खर्च किती झाला? किती शिपायांचा ठरलेला सराव पूर्ण झाला? प्रशिक्षणासाठी राखीव बळ किती ठेवले? तपासाचे शिक्षण घेतलेले अधिकारी त्याच कामावर किती काळ राहिले? ही उत्तरे दर अधिवेशनात पटलावर ठेवावी लागली, तर काडतुसांची टंचाई वर्षभर लपून राहणार नाही. आणि उत्तर देण्यास मंत्री टाळाटाळ करू लागले, तर तूट कोठे आहे हे त्यावरूनच लोकांना कळेल.