पैसा जनतेचा, शाळा संस्थेची, हिशोब कोणाचा?

(गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी डिप्लोमा झालेला माणूस. रेल्वेत रुळांची देखभाल करतो. मी भाषण कसले करणार?" त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "शाळेच्या फीवरून ऑफिसात रोज बोलता ना, तेच इथे बोला." म्हणून हा धीर केला आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझे शालेय शिक्षण जळगाव जिल्ह्यातील एका गावी झाले. शाळा सरकारी नव्हती, गावातल्या एका संस्थेची होती. पण गुरुजींचा, हेडमास्तरांचा, कारकुनाचा आणि शिपाईमामांचा पगार सरकारी अनुदानातून येत असे. फी नावापुरती. शेतकऱ्याचा मुलगा तंत्रनिकेतनात जाऊन रेल्वेत लागला तो या व्यवस्थेमुळे. या मंडपात चाळिशी ओलांडलेले जे महाराष्ट्रातून आले आहेत, त्यांतले बरेच जण अशाच अनुदानित शाळेतून शिकलेले असतील.

ही पद्धत आजकालची नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आले. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्यात त्यांचा रोखठोक सवाल होता की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला का? पैसा कोणाचा आणि तो जातो कोणाकडे, हाच तो प्रश्न. आज मी वेगळे काही विचारत नाही.

आता थोडे घरचे सांगतो. माझे मेहुणे २००४ साली एका माध्यमिक शाळेत कारकून म्हणून लागले. त्या काळात महाराष्ट्रात नव्या शाळांना परवानगी मिळे ती 'कायम विनाअनुदानित' या अटीवर. म्हणजे शाळा काढा, पण सरकारकडे पगार मागू नका. खेड्यातली शाळा, फी देणार कोण? मेहुण्यांना महिन्याकाठी जे हाती पडे, त्यात घराचा किराणासुद्धा भागत नसे. म्हणून दुपारनंतर ते एका दुकानाची वही लिहीत. एका वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला उशीर झाला. अर्ज परत आले आणि काही मुलींचे त्या वर्षीचे पैसे बुडाले. त्यांतल्या एकीची शाळा सुटली. मेहुणे आजही ती गोष्ट निघाली की गप्प होतात. म्हणतात, "भाऊ, चूक माझीच. पण मी त्या दुपारी शाळेत का नव्हतो, हे कोणी विचारलं नाही."

२००९ साली सरकारने तो 'कायम' शब्द काढला. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झाले. पुढच्या टप्प्यांसाठी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना आझाद मैदानात बसावे लागले. उमेदीची वर्षे मात्र परत आली नाहीत.

हे सांगण्याचे कारण असे की, "शाळेच्या ऑफिसवर कशाला खर्च? पैसा वर्गात जाऊ द्या," असे आपण सहज बोलून जातो. मीही बोलत असे. पण हेडमास्तर आणि कारकून यांना नीट पगार नसेल, तर त्याची किंमत मुले मोजतात. तेव्हा प्रशासनाचा पगार हा अपव्यय नव्हे. तो किती, कशासाठी आणि कोणाच्या पैशातून, हे उघड असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आपल्या दिल्लीकडे येऊ. इथे १९७३ चा दिल्ली शालेय शिक्षण कायदा आहे. अनुदानित शाळेच्या मान्य खर्चातली तूट ९५ टक्क्यांपर्यंत सरकारने भरायची आणि बाकीचा भार संस्थेने उचलायचा, असा ढाचा त्या वेळी ठरला. या शाळांतले पगार सरकारी श्रेणीप्रमाणे. सातव्या वेतन आयोगात प्रिन्सिपलची श्रेणी बारावी, सुरुवातीचा मूळ पगार ७८,८०० रुपये. कोणालाही कागदावर पाहता येतो. याच कायद्याचे दहावे कलम म्हणते की मान्यताप्राप्त खासगी शाळेतील कर्मचाऱ्यांचे वेतन सरकारी शाळेपेक्षा कमी नसावे. म्हणजे खालची मर्यादा कायद्याने घातली. पण विनाअनुदानित शाळेत वर बसणारे संचालक, सल्लागार, चेअरमनसाहेब यांना काय मिळते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, ती तर खासगी शाळा. सरकारचा पैसा नाही, मग हिशोब कशाला? मित्रांनो, इथेच गफलत होते. जनतेचा पैसा नुसत्या पगार-अनुदानाच्या दाराने येत नाही. दिल्लीतल्या कित्येक नामांकित शाळा सवलतीच्या दराने मिळालेल्या सरकारी जमिनीवर उभ्या आहेत. धर्मादाय संस्था म्हणून करात सूट मिळते, ती निराळी. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या, त्यांची प्रतिपूर्ती सरकार करते. सरकारचा प्रत्येक मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जे कमी असेल ते. मात्र जमीन सवलतीत घेतली म्हणून काही मुलांना मोफत शिकवण्याचे बंधन ज्या शाळेवर आधीच आहे, तिला तेवढ्या मुलांचे पैसे मिळत नाहीत. कायदा करणाऱ्यांनीच मान्य केले की जमीन हेही दिलेले दान आहे.

न्यायालयेही हेच सांगत आली. २००४ साली मॉडर्न स्कूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षणाचा बाजार होऊ नये म्हणून विनाअनुदानित शाळांच्या फीवरही शिक्षण संचालकांना नियंत्रण ठेवता येईल. २०१९ साली माहितीच्या अधिकाराच्या एका खटल्यात याच न्यायालयाने म्हटले की सरकारचे भरीव अर्थसाहाय्य प्रत्यक्ष असेल तसे अप्रत्यक्षही असू शकते. शहरात फुकट किंवा मोठ्या सवलतीत दिलेली जमीन हेही त्यात येऊ शकते. आणि २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेने फीच्या नियमनाचा कायदा केला, त्यात शाळेच्या फी समितीवर पालकांनाही जागा दिली.

रेल्वेत आमच्याकडे खडीचा एक ढीग उतरला तरी त्याची नोंद एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात होते. मी मोजायचे, सही करायची, वरच्या साहेबांनी तपासायचे, मगच ठेकेदाराचे बिल. यात माझ्यावर कोणी अविश्वास दाखवतो असे मला कधी वाटले नाही. उलट उद्या कोणी बोट दाखवले, तर तीच एम.बी. माझी ढाल असते. प्रामाणिक संस्थाचालकालाही हिशोबाची भीती वाटू नये.

म्हणून हात जोडून विनंती. पुढच्या पालकसभेत बसच्या वेळा आणि वार्षिक संमेलन यांच्यासोबत तीन प्रश्न विचारा. एक, शाळेला जमीन कोणत्या अटीवर मिळाली? दोन, २५ टक्क्यांच्या जागा खरोखर भरल्या का आणि ती मुले आपल्या मुलांच्याच वर्गात, त्याच बाकावर बसतात का? तीन, आपण भरलेल्या शंभर रुपयांतले शिकवणाऱ्यांच्या पगाराला किती, ऑफिसच्या कर्मचाऱ्यांना किती आणि वर बसणाऱ्यांना किती? भांडू नका, नम्रपणे विचारा. एकट्याने विचारले तर मुलाला त्रास होईल अशी धास्ती असते, ती मलाही आहे. दहा जणांनी मिळून विचारले की धास्ती कमी होते. आणि ज्यांची मुले अनुदानित शाळेत आहेत, त्यांनी तिथे कारकुनाची जागा रिकामी असेल तर ती भरण्यासाठी अर्ज करा.

शेवटी एकच. या स्मरणिकेच्या मागच्या पानांवर समितीचा जमाखर्च दरवर्षी छापला जातो. मंडपाचे भाडे, मूर्ती, प्रसाद, नारळसुद्धा त्यात असतात. आपण वर्गणी देतो ती काही हजारांची, आणि हिशोब मिळतो पैशापैशाचा. ज्या विद्येच्या दैवताला आपण दहा दिवस पुजतो, त्या विद्येच्या नावाने चालणाऱ्या संस्थांकडून एवढीच अपेक्षा ठेवली, तर ती जास्त आहे का?



गणपती बाप्पा मोरया!