चलान भरलं म्हणजे प्रकरण संपलं, असं नाही



आजचा विषय तसा रूक्ष आहे, पण तुमच्या-माझ्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन धडकणारा आहे. ई-चलान.

सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. लष्करात नोकरी केली, त्यातली काही वर्षं एमटीओ म्हणून, म्हणजे युनिटच्या सगळ्या गाड्या आणि ड्रायव्हर सांभाळणारा अधिकारी म्हणून. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. इथले माजी सैनिक आणि आपली मराठी मंडळी अधूनमधून कागद घेऊन येतात. मी कायदा उघडून त्यांच्याबरोबर वाचतो आणि गरज असेल तर वकिलाकडे पाठवतो. त्या अनुभवावरून बोलतोय.

लोकांचे दोन प्रकार दिसतात. एक, चलान आलं की न वाचता पैसे भरून मोकळा होणारा. दुसरा, वर्षानुवर्षं ते उघडूनच न बघणारा. दोघेही नुकसानीत जातात, आणि पहिल्याला ते कळतही नाही.

चलान म्हणजे निकाल नव्हे. तो तुमच्यावरचा आरोप आहे. तुम्ही पैसे भरता तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे तडजोड होते. खटला चालत नाही, इथपर्यंत ठीक. पण २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात एक ओळ आली, ती फार थोड्यांनी वाचली आहे. तडजोड झाली तरी तो गुन्हा तुमचा 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे पुन्हा तेच केलंत तर तुम्ही दुसऱ्यांदा गुन्हा करणारे ठरता. शिवाय तडजोडीमुळे लायसन्सवरची कारवाई टळत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे.

लायसन्सवरची कारवाई म्हणजे काय? अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं, दुचाकीवर तिघं बसणं, हेल्मेट नसणं, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं, अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवू शकतात. सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून गाडी चालवणं, उलट्या दिशेने येणं, हेही आता धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच मोडतं. पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स बंद, दुसऱ्या वेळी रद्द. परत मिळवायचं तर उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्यासारख्या पेन्शनवाल्याला तीन महिने रिक्षाने फिरता येईल. पण सैन्यातून सुटून टॅक्सी किंवा स्कूलबस चालवणाऱ्याच्या घरात तीन महिने पगार येणार नाही. दंड हजाराचा, नुकसान मात्र पोटाचं.

एक मात्र लक्षात ठेवा. आरटीओने लायसन्स बंद करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, असं कलम १९ सांगतं. ती नोटीस आली तर जा. लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. बरेच जण जातच नाहीत आणि मग 'एकतर्फी झालं' म्हणतात.

आता चलान आलं तर करायचं काय?

आधी नीट वाचा. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो. फोटोतली गाडी तुमचीच आहे का? रंग, मॉडेल जुळतं का? तुमच्या नंबरची खोटी पाटी लावून दुसरी गाडी फिरत असेल तर त्या दिवशी तुमची गाडी कुठे होती याचा पुरावा गोळा करा. फास्टॅगची नोंद, सर्व्हिस सेंटरचं बिल, पार्किंगची पावती. आणि बनावट पाटीची पोलिसांत लेखी तक्रार करा. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं, तर पोलीस तुमचं दार ठोठावतील.

चलान कॅमेऱ्याचं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ अ हा नियम लागू होतो. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. तिथे कॅमेरा असल्याचा फलक हवा. फोटोत गुन्हा आणि नंबर स्पष्ट दिसायला हवेत, वेळ आणि जागा नोंदलेली हवी, अतिवेग असेल तर मोजलेला वेग हवा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत सूचना पाठवायला हवी. यातलं काही नसेल तर तो मुद्दा लेखी मांडा. पण 'दोन दिवस उशिरा आलं, म्हणजे आपोआप रद्द' असं समजून गप्प बसू नका. ते ठरवणं न्यायालयाचं काम आहे, आणि न्यायालय विचार करणार तो तुम्ही मुद्दा मांडलात तरच.

तक्रार आधी ई-चलानच्या पोर्टलवर किंवा वाहतूक शाखेत करा. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेलं असेल तर तिथे दोन पर्याय दिसतात. गुन्हा कबूल करून दंड भरा, किंवा लढवा. 'लढवा' निवडलंत की प्रकरण त्या हद्दीतल्या न्यायालयात जातं. गुन्हा खरंच घडला असेल आणि रक्कम छोटी असेल, तर भरून टाका आणि पुन्हा करू नका. गुन्हा तुमचा नसेल, किंवा लायसन्सवर येणार असेल, तर लढा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठराविक उत्पन्नाखालच्या लोकांना मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. लोकअदालतीबद्दल मला नेहमी विचारतात. ती तडजोडीची जागा आहे. निर्दोष असाल तर ते सिद्ध करायची ती जागा नव्हे.

आता एक उदाहरण. मूळचे साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदारसाहेब देवासला असतात. त्यांच्या नावावर एकापाठोपाठ चलानं येऊ लागली.

"साहेब, स्कूटर विकून दोन वर्षं झाली. मला कसं चलान?"

मी विचारलं, "फॉर्म २९ आणि ३० आरटीओत दिले का?"

"सह्या करून कोरेच दिले साहेब. एजंट म्हणाला, बाकीचं मी बघतो."

एजंटने काही बघितलं नव्हतं. आरटीओच्या नोंदीत गाडी अजून सुभेदारांचीच होती, आणि विमा कधीच संपला होता. चलानांची मला काळजी नव्हती. काळजी वेगळी होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं, की गाडी हातोहात किती जणांना विकली हे महत्त्वाचं नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. विम्याविना त्या स्कूटरने कोणाचा जीव घेतला असता, तर लाखोंची भरपाई सुभेदारांच्या आयुष्यभराच्या कमाईतून गेली असती. आम्ही विक्रीची पावती शोधली, घेणाऱ्याचा पत्ता काढला, त्याला घेऊन आरटीओत गेलो. नाव बदललं. तोवर त्या स्कूटरने कोणाला धडक दिली नव्हती, हे नशीब. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते पोच घेऊन करा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आणखी एक. गाडी एमएच पाटीची, पत्ता कोल्हापूरचा, आणि तुम्ही इंदूरला किंवा हैदराबादला. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. बाहेरची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथली नोंदणी करून घ्यावी लागते. निदान नोंदीतला मोबाइल नंबर तरी आज तपासा.

आता जिथे बचाव शोधू नये, त्याबद्दल.

दारू. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य, ही मर्यादा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, हा तुमचा हक्क आहे, तो मागा. पण चाचणीला नकार देऊन सुटका होईल असं समजू नका. नकारच तुमच्याविरुद्ध वापरता येतो. विम्याचंही तसंच. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, रक्तातलं प्रमाण मोजलेलं नसतानाही, इतर पुराव्यावरून चालक दारूच्या अंमलाखाली होता हे मानलं आणि गाडीचा दावा नाकारणाऱ्या विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

आणि आजी-आजोबांनो, हे तुमच्यासाठी. नातू सतरा वर्षांचा आहे, कोपऱ्यावरून दूध आणतो म्हणून किल्ली देता. कलम १९९ अ प्रमाणे पालक आणि गाडीचा मालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी पुरेशी काळजी घेतली होती' हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. किल्ली तुम्हीच हातात दिलीत तर काय सिद्ध करणार? २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. दोघंही आमच्या मध्य प्रदेशचे. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. खटल्याचं जे व्हायचं ते होईल, पण त्या दोन घरांना कुठलं कलम काय परत देणार?

अपघात झालाच तर पळू नका. जखमीला दवाखान्यात पोचवा. जमावाची भीती असेल तर थेट पोलीस ठाणं गाठा. चोवीस तासांच्या आत कळवायचंच असतं. विमा कंपनीलाही कळवा. सैन्यात गाडी ठोकली गेली की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसायची, आणि पहिला प्रश्न असायचा, कागद कुठे आहेत? गाडी कोणाच्या हाती होती, किती वाजता निघाली, सगळं लिहिलेलं. ज्या ड्रायव्हरचे कागद चोख, त्याला निम्मा बचाव करावाच लागत नसे. नागरी आयुष्यातही हेच खरं आहे.

तेव्हा आज झोपण्याआधी तीन कामं करा. परिवहन पोर्टलवर आपल्या नंबरवर किती चलानं थकली आहेत ते बघा. विकलेली प्रत्येक गाडी आपल्या नावावरून उतरली का, ते तपासा. आणि घरातल्या अल्पवयीन पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी किल्ली ठेवा.

प्रश्न असतील तर विचारा.  जय हिंद.