उगाच वाटणारी धास्ती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या सभेत आजवर बचतीवर, मुलांच्या अभ्यासावर, आहारावर पुष्कळ चांगले बोलले गेले आहे. बोलणाऱ्या भगिनीही शिकलेल्या होत्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसताई म्हणाल्या, "तुम्ही जे भोगले आणि ज्यातून बाहेर आलात, तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

भीतीला कारण असले, म्हणजे तिचे कोणी नवल करीत नाही. मूल शाळेतून वेळेवर घरी आले नाही, तर आईच्या छातीत धडधडणारच. पण घरात सारे ठीक असताना पहाटे चारला डोळा उघडतो, छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, पोटात खड्डा पडतो आणि वाटते, आता काहीतरी वाईट होणार. काय होणार, ते मात्र सांगता येत नाही. सांगावे तर लोक म्हणतात, "हिला काय कमी आहे? सुख टोचते." मग बाई गप्प बसते. गप्प बसण्याने धास्ती कमी होत नाही, वाढतच जाते.

चार वर्षांपूर्वी माझे असेच झाले. मुले मार्गाला लागलेली, घरावरचे कर्ज फिटत आलेले, ह्यांची नोकरी चालू. तरी रोज पहाटे तीच धडधड. एकदा भर बाजारात, बसमध्ये बसल्याबरोबर श्वास कोंडला. वाटले, हृदयच बंद पडते आहे. दवाखान्यात नेले. ईसीजी झाला, रक्त तपासले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, सगळे ठीक निघाले. एका ठिकाणी तर "काही झालेले नाही, घरी जाऊन कामाला लागा" असे ऐकून परत यावे लागले. काही झालेले नाही, मग हे जे होते ते काय, हे कोणी सांगेना.

तरी ही तपासणी आधी व्हायलाच हवी, हे आवर्जून सांगते. थायरॉईड वाढला, रक्त कमी असले, पाळी जाण्याचे वय आले, किंवा दिवसाला सात-आठ कप चहा होत असला, तरीही छाती धडधडते. छातीत दुखू लागले तर "मनाचे असेल" म्हणून कोणी घरी बसू नये. डॉक्टरांनी शरीराचे निदान केल्यावर मगच मनाकडे वळावे.

शेवटी ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे पाठविले. जाताना लाज वाटत होती. वेड्यांच्या डॉक्टरकडे गेली असे लोक म्हणतील, उद्या मुलीच्या लग्नात आडवे येईल, असे सतरा विचार मनात. तिथे मात्र बाईंनी पहिल्यांदा कागद पुढे ओढून सांगितले, "तुम्हाला जे होते ते खरे आहे. तुम्ही सोंग करीत नाही." मैत्रिणींनो, एवढ्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले.

मग त्यांनी समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. संकट दिसले की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. हृदय जोरात चालते, श्वास भरभर होतो, हातपाय ताठ होतात. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने ही गोष्ट १९१५ सालीच लिहून ठेवली आहे. ही तयारी म्हणजे आपल्या दारातला राखणदार कुत्रा. चोर आला की भुंकतो, ते बरेच आहे. पण कधी कधी तो दूधवाल्यावरही भुंकतो. दूधवाला दूध घालून आपल्या वाटेने जातो, आणि कुत्र्याला वाटते, मी भुंकलो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी तो अधिकच जोराने भुंकतो.

आपलेही तसेच होते. बसमध्ये भीती वाटली, म्हणून बस टाळली. टाळल्याबरोबर जिवाला बरे वाटले. मन त्यातून शिकते, बस टाळली म्हणून वाचलो. मग बाजार सुटतो, लग्नकार्य सुटते, शेवटी उंबरठाही ओलांडवत नाही. माझ्या जाऊबाई प्रेमापोटी माझ्याऐवजी बाजार करीत असत. त्यात त्यांची माया होती, पण माझ्या भीतीलाही त्यातच खाऊ मिळत होता.

माझ्या धास्तीचे मूळही हळूहळू दिसले. माझ्या सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. रात्री त्यांनी हाक मारली तर ऐकू यावी, म्हणून मी एक कान उघडा ठेवून झोपत असे. पहाटे चारला त्यांचे औषध असे. त्या गेल्या, घर शांत झाले, सारे म्हणाले, आता तुला विसावा. पण माझ्या शरीराला कोणी सांगितलेच नव्हते की पहारा संपला. ते चारला जागे होऊन अजून हाकेची वाट पाहत होते. सर्वांचेच मूळ असे सापडते असे नाही, आणि ते न सापडताही माणूस बरा होतो, हेही बाईंनी सांगितले. पण कारण दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असे मात्र समजू नये.

आता उपचार कसा असतो ते सांगते. आठवड्यातून एकदा पाऊण तास बोलणे, असे साधारण तीन महिने चालले. त्यात नुसत्या गप्पा नसतात, गृहपाठ असतो. वहीत चार रकाने आखायचे. काय घडले, मनात काय आले, अंगात काय झाले, मग मी काय केले. पंधरा दिवस लिहिल्यावर माझेच मला दिसले की धडधड झाली की मनात "मी मरणार" येते, आणि ते आले की धडधड दुप्पट होते. मग बाई विचारीत, "याआधी किती वेळा असे वाटले? त्यांतून कितीदा तसे झाले?" डॉ. ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत घडविलेली ही पद्धत आहे.

दुसरा भाग पायऱ्यांचा. आधी जाऊबाईंबरोबर नुसते बसथांब्यावर उभे राहणे. मग एक थांबा, मग दोन. भीतीची लाट आली तर उतरून पळायचे नाही. ती बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचते आणि आपणहून ओसरते, हे अनुभवाने शिकायचे. श्वास सावकाश सोडायचा. पाचव्या आठवड्यात मी एकटी बाजारातून भाजी घेऊन आले. त्या दिवशीची मेथी मला अजून आठवते.

कोणाकोणाला औषधही लागते. गोळ्या देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर, आणि बोलून उपचार करतात ते मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि शेजारणीची झोपेची गोळी तर कधीच घेऊ नये, तिची सवय लागते.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखविता येते. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे फुकट आणि मराठीतही बोलता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आपल्याला दिला आहे, म्हणून बभ्र्याच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

शेवटी मंडळाला दोन विनंत्या. १४४१६ हा क्रमांक आपल्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा. आणि आपल्या आळीत एखादी बाई बाहेर पडेनाशी झाली, तर तिला "मन घट्ट कर" असे सांगू नका. ती भित्री नसते. तिच्या दारातला कुत्रा दूधवाल्यावर भुंकतो आहे, इतकेच. तिचा बाजारही तिच्याऐवजी करू नका. पिशवी घ्या आणि तिच्याबरोबर जा. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेलात तरी पुष्कळ झाले.